शेलारहून निरोप

१० फेब्रुवारी
पोहोचले एकदाची भिवंडीत! भूकंपाच्या गावाला कुणी असं हसत जातं का, म्हणून आई निघताना रागावली. पण साताऱ्याच्या पोस्टात नोकरी सांभाळून बारा वर्षं हौसेनं हॅम रेडिओ चालवला, तो आज पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडणार. परवाच्या धक्क्यापासून मोबाइलचे टॉवर बंद आहेत, म्हणून लोकांचे निरोप आमच्यामार्फत. धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत आमचं केंद्र. प्रमुख रवींद्र सर. अँटेना बांधायला स्वतः गच्चीवर चढले. शेजारी राहणाऱ्या रुबीनाभाभींच्या यंत्रमागाच्या शेडचं छप्पर बसलंय, तरी रांगेतल्यांचे निरोप लिहून घ्यायला त्या सकाळपासून हजर. मला खिमा-पाव खाऊ घातला आणि दिना म्हणायला लागल्या; धम्मदिना लांबलचक वाटतं म्हणे. दुपारी वज्रेश्वरीचं केंद्र लागलं, तिथे विनिता असते. मग जवळच्याच शेलार गावचं. तिथला मुदस्सिर इतका स्वच्छ ऐकू आला की शेजारच्या बाकावर बसल्यासारखा.

११ फेब्रुवारी
एकोणचाळीस निरोप गेले. गुलाम हुसेन चाचांची मुलगी जोहा शेलारच्या एका गोदामात कामाला. चाचा कालपासून रांगेत उभे राहायचे आणि नंबर जवळ आला की पुन्हा मागे जायचे. शेवटी मीच शेलारला विचारलं. मुदस्सिर म्हणाला, "जोहा ठीक हाय. अब्बांना इकडं पाठवा." चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रिक्षा पकडून गेले. एवढा आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही.

१२ फेब्रुवारी
शेलारहून उत्तर आलं, शांताबाईंचा मुलगा यादव ठीक हाय, आईला पाठवा. आज अकरा जणांना हेच उत्तर, अगदी याच शब्दांत. एवढी माणसं राहणार कुठे, असं विचारलं. मुदस्सिर म्हणाला, गोदामात खूप जागा हाय. विनिताला हे सांगितलं तर ती म्हणाली, नशीबवान आहेस, मला शेलार एकदाही लागलेलं नाही.

१३ फेब्रुवारी
शेलारला गेलेलं कुणीच परत आलं नाही. चाचांच्या घरचे दोनदा विचारून गेले. मी मुदस्सिरला म्हटलं, चाचांना बोलायला दे. बोलले. जोहा मिळाली, आराम हाय, एवढंच. आवाज त्यांचाच. पण मागे काही नव्हतं. माणसांची गडबड नाही, कावळा नाही, चाचांची धापही नाही. चाचांना दमा आहे.
रवींद्र सर उद्या सकाळी स्वतः जाणार.

१४ फेब्रुवारी, सकाळी अकरा
सर जीपमधल्या सेटवरून बोलले. गोदाम पहिल्याच धक्क्यात जमीनदोस्त झालंय. पडलेला स्लॅब आज पहिल्यांदा उचलला. खाली मुदस्सिर, सेटसकट चेपलेला. जोहा. यादव.
त्यांच्या शेजारी चाचा. शांताबाई.
भूकंपानंतर तीन दिवसांनी, चार दिवसांनी इथून माझ्यासमोर गेलेली माणसं. कुणी न हलवलेल्या स्लॅबखाली —

साडेअकरा
शेलार बोलतंय. या वेळी रवींद्र सरांचा आवाज. "इकडं ठीक हाय. पुढच्यांना पाठवा."
सर कधीच 'हाय' म्हणत नाहीत. जीपचा सेट लागत नाही.

बारा
रांग मोडली. भाभी फाटकात आडव्या उभ्या आहेत, शेलारला कुणाला जाऊ देत नाहीत. मी विनिताला बजावलं, शेलारचा एकही निरोप खरा धरू नकोस, माणसं कुठेही पाठवू नकोस.
ती म्हणाली, "मिळाला निरोप. भिवंडी ठीक हाय, माणसं पाठवा. दोन बस भरल्यात."
मी असं म्हटलंच —

पुन्हा सांगितलं. ओरडून. शब्द सुटा सुटा करून. तिनं आभार मानले.

बस निघाल्या, विनिता सांगतेय. भिंतीवरून माती गळतेय, बाक सरकतोय — भाभी बाहेर बोलावतायत — माईक सोडला तर त्या दोन बसना कोण