बिनफोडणीचं वरण

आई, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. तू असतीस तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, कारण जोडाक्षर आलं की तू अडायचीस आणि ‘म्होरं चल’ म्हणायचीस. अण्णा घर सोडून कारखान्यात राहायला गेले, ते ज्या दुपारमुळे, त्या दुपारचं मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं. एवढंच सांगायला बसलेय, पण मला कुठलीच गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही हे तुला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत सायरनची तालीम झाली. वरून आदेश होता: भोंगा वाजला की मुलांनी बाकाखाली जायचं, कानांवर हात धरायचे, तोंड जरा उघडं ठेवायचं. नववीचा वर्ग माझ्याकडे होता. भोंगा वाजला, पोरं बाकाखाली गेली आणि खिदळायला लागली. एकजण तिथूनच ओरडला, ‘मॅडम, युद्ध झालं की परीक्षा रद्द होतीय की?’ एरवी असला वात्रटपणा मी जागच्या जागी आवरते, पण त्या दिवशी मी फळ्याकडे वळले. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, पहिल्या महायुद्धाची कारणे व परिणाम. पंचवीस वर्षं मी हेच शिकवतेय. साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रास्त्रांची स्पर्धा, मग तात्कालिक कारण, युवराजाचा खून. परिणामांतला पहिला मुद्दा ठरलेला आहे, ‘प्रचंड जीवित व वित्तहानी झाली.’ पानिपत असो, नेपोलियन असो की हिरोशिमा, हे वाक्य कुठेही चालतं आणि त्याला हमखास एक मार्क मिळतो. मीच देते.

अण्णांच्या लढाईची कारणंही पुस्तकात आहेत, एकाहत्तरची म्हणून ती मी शिकवते. पण अण्णा तिथवर कसे पोचले ते पुस्तकात नाही. सांगोल्याकडे दोन वर्षं पाऊस नव्हता, मेंढरं पाण्यावाचून जगेनात, आजोबांनी ती विकून टाकली आणि नेमकी तेव्हाच भरती निघाली. ‘पाऊस झाला असता तर तुजा बाप मेंढरामागंच असता,’ तू म्हणायचीस. ‘छाती मोजली, पळाया लावलं आन घितलं.’ लढाई दोन आठवड्यांत संपली, आपण जिंकलो, अण्णा हातीपायी धड परत आले. पुढे फौजेतून सुटल्यावर आपण सोलापूरला चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला आलो. माजी सैनिकाला बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचं काम सहज मिळायचं, ते त्यांनी नको म्हटलं आणि चादरींच्या कारखान्यात वॉचमन झाले. मागांचा खडखडाट त्यांना कधी बाधला नाही. एकसारखा आवाज असला की खुर्चीतच त्यांना डुलकी लागायची, उलट लाइट जाऊन माग बंद पडले की ते दचकून उभे राहायचे. अवचित आलेला आवाज मात्र त्यांना सोसायचा नाही.

म्हणून आपल्याकडे कुकर नव्हता. ताटं एकात एक ठेवताना तू मध्ये फडकं घालायचीस. शेंगांची चटणी कुटायला तू शेजारच्या खालांच्या घरी जायचीस आणि अण्णा घरी असले की फोडणी द्यायलाही तिकडेच. वरणाचं पातेलं पदरात धरून तू त्यांच्या दारात उभी. खालांचे मियाँ ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर, त्यामुळे त्यांनाही बोलायला कुणी हवंच असायचं. ‘लाव इधर, मैं देतूं बगार. भाईसाब सोये क्या?’ तू म्हणायचीस, ‘आत्ता डोळा लागलाय.’ तुम्ही दोघी चुलीपाशी इतक्या हळू बोलायचात की घरात आजारी माणूस आहे असं वाटावं. खाला घरी नसल्या की वरण बिनफोडणीचं, पिवळं आणि बेचव. मला त्या वरणाचा राग यायचा आणि खरं सांगू, अण्णांपेक्षा तुझा जास्त यायचा, कारण हे सगळं कशासाठी ते तू कधी फोडून सांगितलं नाहीस.

नववीत मला चाचणीत ‘युद्धाचे परिणाम लिहा’ला दहापैकी नऊ मिळाले. तू भाकरी करत होतीस, दोन हातांवर फिरवत, थाप वाजू न देता. मी मोठ्या ऐटीत उत्तर वाचून दाखवलं. तू नीट ऐकलंस आणि म्हणालीस, ‘मेल्याली समदी आली ह्यात. जी परत आली त्यास्नी कुटं घातलंस?’ मी म्हटलं, ‘परत आले ते वाचले की. त्यांचं काय लिहायचं?’ तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि ‘बरं’ म्हणालीस.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेनं माजी सैनिक पालकांचा सत्कार ठेवला. अण्णा इस्त्रीच्या शर्टावर पदक लावून आले. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला आणि मागच्या रांगेत कुणीतरी फुगा फोडला. अण्णा मैदानात पालथे झाले, डोक्यावर हात घेऊन. शाल चिखलात गेली. सगळी शाळा हसली. आठवडाभर मी वर्गात शिरले की कुणीतरी बाकावर पट्टी आपटायचं. त्याच आठवड्यात काका घरी आले आणि अण्णांच्या माघारी तुला म्हणाले, ‘सोंग हाय समदं. बंदुकीची नोकरी नगं झाली म्हनून घेतल्यालं सोंग.’ तू त्यांना चहा दिलास आणि गप्प बसलीस. तू गप्प बसलीस म्हणून मला ते खरं वाटलं. मग मी ठरवलं की बघायचंच.

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस आहे, दुपार आहे. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपलेत. तू त्यांच्या उशाशी, आतल्या खोलीच्या उंबऱ्यालगत बसून तांदूळ निवडतेयस. मी स्टोव्हवर कढई ठेवते, तेल धूर येईपर्यंत तापवते, मूठभर मोहरी टाकते आणि वरून झाकण आपटते. मोहरी झाकणाखालून घरभर उडते. अण्णा उठतात कधी ते मला दिसतच नाही. मला वाटलं होतं, उठले तर पळतील किंवा कॉटखाली शिरतील. ते तुझ्यावर पडले. तुला खाली दाबून, तुझं डोकं आपल्या छातीखाली झाकून, सगळं अंग तुझ्यावर पसरून ते तसेच राहिले. तुझा उजवा हात उंबऱ्यावर सापडला आणि मनगटाचं हाड मोडल्याचं मी ऐकलं. आणि तू मोकळ्या डाव्या हातानं त्यांची पाठ थोपटत होतीस. ‘फोडणी हाय वो. फोडणी हाय. घरात हाईसा तुमी.’

दवाखान्यात तू नळावर पाय घसरला म्हणून सांगितलंस. अण्णांना म्हणालीस, ‘पोरगी इसरली. तिला काय बोलू नगा.’ मी मान हलवली. वाटेत तुला सांगितलं होतं तेच पुन्हा ‘विसरले’ म्हणाले, माझ्या तोंडानं. अण्णा तुझं प्लास्टर बघत बसले आणि दोन दिवसांनी त्यांनी वळकटी उचलली. ‘साध्या फोडणीला मी असा. एक दिस माज्या हातनं तू जाशील,’ असं म्हणून ते कारखान्याच्या गेटाजवळच्या खोलीत राहायला गेले ते शेवटपर्यंत, आठ वर्षं. तुझा हात वाकडाच बसला, त्यात भाकरी धरवेना, म्हणून सकाळी येऊन तेच भाकऱ्या करायचे, जाड, कडा फाटलेल्या. जेवायचे, आपलं ताट आवाज न करता विसळायचे आणि निघायचे. दुपारी आपल्या वरणाला आता घरातच फोडणी बसायला लागली. ती मी चवीनं खाल्ली, आई.

तुला कळलं होतं का? प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्या संध्याकाळी तू डाव्या हातानं केर काढलास. सुपलीत जवळजवळ मूठभर मोहरी जमली. तू ती बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस. ‘येवडी?’ म्हणालीस आणि बाहेर टाकून आलीस. पुन्हा विषय काढला नाहीस. कळलं असेल तर अण्णांना का सांगितलं नाहीस, की ती साधी फोडणी नव्हती? आणि तू नाही तर मी का नाही सांगितलं? एक वाक्य होतं. मुद्दाम केलं, चुकले, एवढंच. त्यानं ते घरी राहिले असते की नसते, देव जाणे, पण साध्या फोडणीनं आपण बायकोचा जीव घेऊ, ही भीती घेऊन तरी गेले नसते. ते मेले तेव्हा मी एम.ए.च्या परीक्षेला बसले होते. विषय युरोपचा इतिहास.

हे सगळं मी नववीच्या उत्तरपत्रिकांतून उरलेल्या पुरवण्यांवर लिहिलंय. पाठवायला पत्ता नाही आणि घरात कुणाच्या हाती लागलेलंही मला चालणार नाही, तेव्हा फाडूनच टाकीन. फक्त एक राहिलं, आणि ते मी स्वतःशीही कधी बोलले नाही. अण्णा तुझ्यावर पडले तेव्हा मला भीती वाटली असं मी आजवर धरून चालले होते. भीती नंतर वाटली. आधी वाटलं, सोंग नाही, काका खोटे, माझा बाप खरा आहे. तू खाली कळवळत होतीस आणि मी झाकण हातात घेऊन उभी होते, आणि मला आनंद झाला होता.