अच्युतच्या फ्लास्कमधला फेस

५ नोव्हेंबर १९५६, सोमवार
दिवाळीनंतरचा पहिला दिवस. प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला आणि अच्युतला केबिनमध्ये बोलावलं. शिवडीच्या तेलाच्या टाक्यांजवळच्या चिखलात एक जंतू सापडलाय. तो साबणासारखा पदार्थ तयार करतो, तेल पाण्यात मिसळवतो. गिरणीतल्या कापडावरचे तेलाचे डाग काढायला उपयोगी पडेल म्हणे. काय खायला घातलं की तो जास्त साबण करतो, ते दोघांनी वेगवेगळं शोधायचं. ज्याचा फेस जास्त, तो रिसर्च ऑफिसर. जागा एकच, पण कायमची.
मी अच्युतला चार वर्षांनी सीनियर. शिवाय स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. दारावरच्या पाटीला पितळ बरं की लाकूड, एवढंच ठरवायचं राहिलंय.

६ नोव्हेंबर
माझं तत्त्व साधं आहे. पोटभर घाला, काम भरपूर मिळेल. आम्हा प्रभूंच्या घरी पाहुणा तिसऱ्यांदा वाढल्याशिवाय पाटावरून उठत नाही. जंतूही शेवटी पाहुणाच. त्याला ग्लुकोज, पेप्टोन, यीस्ट, मांसाचा अर्क, सगळं सढळ हाताने घातलं.
दुपारी अच्युत ग्लुकोज आणि पेप्टोन मागायला आला. संपलं म्हणून सांगितलं. (मागच्या कपाटात बाटल्या आहेत. पण संस्थेचा माल जपायला नको?) हे मत्सरापोटी नाही, जबाबदारीपोटी. तो नुसता चालेल म्हणाला आणि गेला. हे त्याचं ‘चालेल’ मला अजिबात चालत नाही.

९ नोव्हेंबर
माझे फ्लास्क बासुंदीसारखे दाट. बघून डोळे भरून आले.
अच्युतने दादरहून तांब्यात शेंगदाण्याचं तेल आणलं. घरी चकल्या तळून उरलेलं! जंतूला तेच पाजणार म्हणे. पेप्टोनमधल्या प्रोटीनच्या जागी सोडियम नायट्रेट मागितलं, तर बाटलीच्या तळाशी होतं तेवढं खरवडून दिलं. त्याचा फ्लास्क म्हणजे धुणं पिळल्यावरचं पाणी. पोट धरून हसलो.
रात्री जेवताना हिला सांगितलं. आमची राजलक्ष्मी हसेल असं वाटलं होतं. तर म्हणते, अहो, तो बिचारा एकटा डबा खातो, उद्या त्याला करंज्या न्या. 

१० नोव्हेंबर
करंज्या नेल्या. वाटेत दोन मी खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर
पहिली टेस्ट. नळीत घालून हलवायचं आणि फेस मोजायचा.
माझा फेस: नखाएवढा. मोजेपर्यंत बसला.
अच्युतचा फेस: बुचापर्यंत. वर तेल घातलं तर दुधासारखं पांढरं होऊन तसंच राहिलं. दगडू शिपायाने ओरडून अख्खा मजला गोळा केला. माझी बासुंदी बघायला कोणी बोलावलं नव्हतं.
तो नक्की साबण टाकतो.

१३ नोव्हेंबर
सगळे जेवायला गेल्यावर अच्युतचा फ्लास्क हुंगला. साबणाचा वास नाही. चकलीचा किंचित आला. दगडूला लक्ष ठेव म्हटलं, तर तो म्हणाला, अच्युतसाहेब तसला मानूस नाय, काल चौपाटीवर समितीच्या सभेत काय बोलला! म्हणजे हा भाषणंही करतो. टाळ्याही घेतो. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, माझंही तेच मत आहे. पण ती अच्युतच्या हातून मिळायला नको.

१७ नोव्हेंबर
पेप्टोन दुप्पट केलं. जंतू मायंदाळ वाढले. फेस आणखी कमी. हलवायच्या मशीनमध्येच काहीतरी पक्षपात आहे.

२० नोव्हेंबर
अच्युत पुन्हा नायट्रेट मागायला. चेहरा दुःखी करून मागच्याच्या निम्मं दिलं. आता उपाशी मरतील त्याचे जंतू, असं मनात म्हटलं आणि लगेच देवाची माफी मागितली.

२३ नोव्हेंबर
त्याचा फेस बूच उडवून टेबलावर आला. मला हे सहन होत नाही. खरंच होत नाही. छातीत जळतंय.
निश्चय: नायट्रेट बंद. अगदी नखभर द्यायचं.

२५ नोव्हेंबर, रविवार
नखभर दिलं, तर काल फेस त्याहून वर.
आज जेवणानंतर पडलो होतो. हिला सगळी व्यथा सांगितली. ही शांतपणे सुपारी कातरत म्हणाली, तुमचे जंतू तुमच्यावरच गेलेत, भरपेट जेवतात आणि लवंडतात. संध्याकाळपर्यंत अबोला धरला. मग कोबी-कोलंबीचं भानोलं केलं होतं म्हणून सोडला.

३ डिसेंबर
साहेबांपुढे सेमिनार. अच्युत बोलला. गोड खायला मिळालं की जंतू नुसते वाढतात, साबण करायची त्यांना गरजच नसते. तेल मात्र साबणाशिवाय त्यांच्या तोंडात जात नाही, म्हणून करावाच लागतो. आणि नायट्रेट कमी पडलं की वाढ थांबते, सगळी ताकद साबणात जाते. आणि मग तो म्हणाला, यातलं काहीच मी ठरवून केलं नाही. चिंतामणरावांनी ग्लुकोज दिलं नाही म्हणून तेल घेतलं. नायट्रेट ते दर वेळी कमी देत गेले म्हणून हे कळलं. श्रेय त्यांचं.
टाळ्या! माझ्यासाठी! साहेबांनी माझा हात दाबला. आता मागे वळून बघताना माझ्या लक्षात येतंय की आतून मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. संशोधकाची अंतःप्रेरणा म्हणतात ती हीच. पाटी पितळेचीच करायची.

१२ डिसेंबर
ऑर्डर आली. रिसर्च ऑफिसर: अच्युत.
मलाही कायम केलंय. स्टोअरकीपर म्हणून. साहेब म्हणाले, कुणाला किती कमी द्यायचं याची तुमच्याइतकी जाण या इमारतीत कुणाला नाही. माझं टेबल दगडूने जिन्याखालच्या खोलीत नेलं. जाताना खिडकीतून अच्युतचं टेबल दिसलं. रडू आलं. कुणी पाहिलं नाही.

१४ डिसेंबर
अच्युतची पहिली मागणी आली: थोडं नायट्रेट. मी सीलबंद मोठी बाटली पाठवली. बरोबर ग्लुकोज आणि पेप्टोन, न मागता, जितकं कपाटात होतं तितकं. खा म्हटलं, लेको. बघू आता कसा फेस येतो.
तासाभराने दगडू सगळं डोक्यावर घेऊन परत आला. अच्युतसाहेबांनी चिमूटभर ठेवून घेतलंय म्हणाला. आणि निरोप दिलाय, चिंतामणरावांची तब्येत बरी नाही का, पूर्वीसारखंच मोजून देत जा म्हणावं.
सगळं रजिस्टरात जमा करून घेतलं.