खिडकीखालचा काळा डाग

ब्रेमेन, मंगळवार

प्रिय आई,

किल्ल्या परत खिशात टाकून नव्या घराचे मालक टीडेमान जिना उतरू लागले, तेव्हा मी कठड्यावरून ओरडले, "आधी कागदावर बुरशी लिहा, मग सही करते!" शेजाऱ्यांची दारं उघडली. उघडू देत.

जी खोली तुझ्या नातवाची, लास्सेची होणार होती, तिथे खिडकीखाली ताटाएवढा काळा डाग आहे. ताबा घेतानाच्या कागदावर मात्र 'भिंती निर्दोष'. मी डाग दाखवला तर म्हणतात, "बाई, बुरशी घराला लागत नाही, आळशी भाडेकरूंना लागते. रोज दोनदा खिडक्या सताड उघडत जा."

मी अजून राहायलासुद्धा आले नव्हते! गप्प सही केली असती, तर हिवाळ्यात तो डाग माझा ठरला असता. आणि खोकला लास्सेचा.

"लिहून घेणं माझा हक्क आहे," मी म्हटलं.

"मग त्या हक्कातच राहा," ते म्हणाले.

जुनं घर महिनाअखेर सोडायचं आहे. काळजी करू नकोस, मैत्रीण हेन्रिकेने आम्हाला झोपायला तिचा सोफा देऊ केलाय. लास्सेचा खोकला कमी आहे, बहुतेक. तुझा गुडघा कसा आहे? बाबा अजून पहाटे खिडक्या उघडून तुला गारठवतात का?

संतापलेली, पण तुझीच,
विबके

ता. क. बुधवार. आज सकाळी पुन्हा तिथे गेले. दार उघडंच होतं. रंगारी त्या डागावर पांढरा रंग फासत होता. खाली एक जोडपं घर बघायला थांबलं होतं, बाई पोटुशी होती. रंगाखाली काय आहे ते मी दोघांना सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले आणि ते वर गेले.