दादाच्या शर्टाची बटणं

दादा,

हे पत्र तुला द्यायची माझी छाती नाही.

हात थरथरतो म्हणून घड्याळाचं दुकान विकायचं ठरवलेलं तू रद्द केलंस, तेही माझ्या भरवशावर. म्हणालास, "डॉक्टरांनी मलाही तुझीच गोळी दिलीय. तुझी थरथर थांबली, माझीही थांबेल."

माझा हात कधी थरथरलाच नव्हता रे. मला जगणंच नकोसं झालं होतं. ती गोळी त्यावरही देतात. पण तुम्ही मला वेडा म्हणाल, या लाजेपायी गोळी हातासाठी आहे असं सांगून मी वर्षभर मुद्दाम चहा सांडला. तू माझ्या शर्टाची बटणं लावायचास, मी निर्लज्जासारखा लावून घ्यायचो.

आज खरं सांगायलाच आलो होतो. तुला बटणं लावता येईनात, म्हणून मी लावली. माझ्या बोटांकडे बघत तू म्हणालास, "केवढा गुण आलाय!"

मी शेवटचं बटण लावलं आणि 'हो' म्हणालो.

तुझा,
धाकटा