निळ्या रेघांचा मासा आणि एक तास

सोम. १५ जून, आइंडहोवन

दुरुस्ती. मागच्या रविवारी इथे लिहिलं, 'गरम समुद्रातून वाट चुकून आलेला मासा.' चूक. माझी डायव्हिंगची जोडीदार मिथिला, तिने पाण्याखाली घेतलेला व्हिडिओ आज नीट पाहिला. तोंडात शेवाळाचा झुपका, बांधाच्या दगडांतल्या फटीत नेऊन कोंबतो, पुन्हा बाहेर. नर आहे, घरटं बांधतोय. पुस्तकातही सापडला. इथलाच, आम्ही डायव्हिंगला जातो त्या झीलंड किनाऱ्याच्या थंड पाण्यातला. गालांवर निळ्या रेघा दिसल्या आणि मी त्याला परका ठरवून मोकळी.

बाबांना फोन केला. चौथीपर्यंत घरी त्यांनीच शिकवलं. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहायचं, हा त्यांचाच नियम. म्हणाले, "पाहुणा घर कशाला बांधेल?"

पण ते चुकीचं वाक्य मी डायव्हिंगच्या ग्रुपवरही टाकलं होतं. ग्रुप चालवणारा सुहासदादा येत्या शनिवारी जाळी घेऊन निघणार आहे. थंडीत मरण्याआधी माशाला उचलून त्याच्या गावी उइटहॉर्नला, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत.

मंगळ. १६

दादाला सगळं सांगितलं.

"अगं सायली, कालपरवा डायव्हिंग शिकलीस. एवढा रंगीत मासा इथला असतो का? माझ्या टाकीत हीटर आहे, राजासारखा राहील."

हीटरनेच मरेल म्हटलं. हसला. व्हिडिओ पाठवला, अंगठा आला. मिथिला म्हणते, बिचाऱ्याला न मागता काका मिळाला. मला हसू येईना.

गुरु. १८

दादाने ग्रुपवर शनिवारची वेळ टाकली. तिथे भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं, तेवढ्यातच उतरता येतं. त्याची वेळ चुकलीय. भरतीचा तक्ता हिवाळी वेळेचा आहे, उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात, तो मिळवावा लागतो. विसरला. त्याच्या वेळेला पाणी अजून जोरात ओढत असणार.

गप्प राहिले तर त्या ओढीत कुणी फटीपर्यंत पोचणार नाही, मासा वाचतो. पण दादाबरोबर दोघं अगदी नवी आहेत. आणि दादासुद्धा...

तक्ता पुन्हा तपासला. एक तासच.

नंतर : सांगितलं. "थँक यू गं, वाचवलंस," म्हणाला. मग परत माशाचं काढलं, तर म्हणे तिथेच बोलू. तिथे म्हणजे जाळी हातात असताना. चिडून घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

मिथिला तयार आहे. पाणी थांबलं की दादाच्या आधी आम्ही दोघी उतरणार, फटीसमोर गुडघे टेकून बसणार. दादा मला ढकलणार नाही असं वाटतं. (वाटतं. पाहिलेलं नाही.)

शनिवार, २० जून. आम्ही दोघी निघतोय; पाहिलेलं परत आल्यावर लिहीन.