ब्रिटाचं दार

प्रिय कस्तुरी,

चोर नव्हता गं तो. चोर फोन उचलून, घसा खाकरून, आपल्या गावाचं नाव घेत "हॅलो, पिनर" म्हणेल का? तू "आई कुठंय?" म्हणून अशी ओरडलीस की बिचारा रिसीव्हर तसाच टाकून मला शोधायला बागेत पळत आला. मी येईपर्यंत तू फोन ठेवून दिला होतास. मग तुझा मेसेज: शनिवारी येतेय, सगळं खरं सांगायचं. पोलिसात शोभली असतीस बाई.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि मराठीत लिहितेय म्हणजे तुला हळू वाचावं लागेल. वाचून होईपर्यंत राग थोडा निवेल, असा माझा डाव आहे.

त्याचं नाव गुन्नार. वॉटफर्डला राहतो. सुतारकाम करायचा, आता रिटायर्ड. बाप इथला, इंग्लंडचाच, आई स्वीडनची. बुधवारी लायब्ररीत लोक आपापल्या खानदानाचा शोध घ्यायला जमतात ना, तिथे भेटला. मी तिथे कशाला, म्हणशील. तिथे ऊब असते आणि चहाबरोबर बिस्किटं. माझं खानदान मला पाठ आहे, कराडच्या अलीकडे सुरू होतं आणि पलीकडे संपतं. बाकी सगळ्यांच्या घराण्यात कुणी ना कुणी लॉर्ड निघत होता. हा एकटाच म्हणाला, आमच्याकडे नुसती कुळं, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारी. तेव्हाच मला माणूस बरा वाटला.

आता दात-ओठ खाऊ नकोस. मे महिन्यात मी श्यामलाबरोबर बोर्नमथला गेलेच नव्हते. तुला पाठवलेला तो समुद्राचा फोटो तिचा जुना होता. मी स्वीडनला गेले होते, त्याच्या पणजीचं घर बघायला.

घर म्हणजे काय, तर रानात पायाचे चार दगड, चुलीच्या जागी ढिगारा आणि एक जांभळ्या फुलांचं लायलॅकचं झुडूप. माणसं गेली, झुडूप मात्र राहिलं. तिथली जमीन जहागीरदाराची. भाडं म्हणून आठवड्यातले ठरलेले दिवस त्याच्या शेतावर राबायचं. आपल्याकडे वेठ म्हणायचे, तसलंच. स्वतःचं पीक पिकून आडवं झालं तरी आधी मालकाचं कापायचं. आणि घरचा गडी मेला की खेळ खलास. राबायला माणूस नाही, तर घरही नाही. गुन्नारच्या पणजीचं, ब्रिटाचं, तसंच झालं. नवरा झाड तोडताना गेला. तीन पोरं. मालकाचा कारभारी येऊन सांगून गेला, नवा गडी ठरलाय, घर रिकामं कर. मग तिकडच्या बायका करायच्या तेच तिनं केलं, त्या नव्या गड्याशी लग्न लावलं. अँडर्स त्याचं नाव. चूल तीच, भांडी तीच, नवरा तेवढा दुसरा.

थोरली मुलगी, कारिन, लग्नाला चर्चमध्ये गेलीच नाही. ब्रिटा नवा नवरा आणि धाकटी दोघं घेऊन बर्फातून चालत घरी आली, तर हिनं आतून अडसर घातलेला. ब्रिटा हाका मारतेय, पोरं गारठून रडतायत. अँडर्सनं कुऱ्हाड उचलली. एका घावात दार उघडलं असतं. पण तो घराच्या मागे गेला आणि लाकडं फोडत बसला. अंधार पडायला लागला तरी दार बंद.

पुढे काय झालं, ते त्यांच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नाही. मी त्या दगडांवर उभी राहून गुन्नारला विचारलं, उघडलं का रे शेवटी? तो म्हणाला, उघडलं असणार, नाहीतर मी कुठून आलो असतो? मी हसले, आणि मग एकदम हसता येईना. कारण त्या दाराआड मला तू दिसलीस. अजून इथे आलीस की हॉलमधली बाबांची छत्री सरळ करतेस. मी बघत नाही असं वाटतं का तुला?

तुला वाटत असेल, घरावर डोळा असेल त्याचा. अगं, त्याच्या फ्लॅटला लिफ्ट आहे आणि माझ्याकडे जिना. डोळा असलाच तर माझा असेल. आणि क्रॉयडनला तुझ्या घरी वरच्या खोलीला तू माझ्यासाठी रंग देऊन ठेवलायस, तेही मला कळलंय. तुझी माया मला समजते, पण त्या खोलीत सायकली ठेव.

शनिवारी ये. छत्री जागच्या जागी आहे, बाबांचा फोटोही. फोटोवरचा हार बदलतो तो गुन्नारच, माझा हात आता तिथवर पोचत नाही. तू बोललीस तर तो बोलेल, नाहीतर मागच्या दारी गटर साफ करत बसेल. आलीच नाहीस, तर आम्ही तुझ्याकडे येऊ आणि दारात उभे राहू. तुमच्याकडे फोडायला लाकडं नाहीत, त्याला काहीतरी काम काढून ठेव.

आणि मघापासून टाळतेय ते आता सांगते. गेल्या गुरुवारी हॅरोच्या रजिस्टर ऑफिसात आमचं लग्न झालं. साक्षीला श्यामला आणि तिचे यजमान होते. ब्रिटाला छपरासाठी करावं लागलं. मला छप्पर आहे. मला तो हवा होता म्हणून केलं. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं.

अजूनही तुझीच,
आई