गोळी कुटायची का?

मॅडम,

नेरूळच्या हॉस्पिटलात आता तुमच्या टेबलावर मी बसते. वॉर्डातून औषधाबद्दल फोन आला की तुमचेच प्रश्न आधी विचारते, "कोणाला द्यायचीय? कशी? का विचारताय?" डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. तुम्ही तीस वर्षं फार्मसीत काढलीत, तरी मोठ्या डॉक्टरांनाही सरळ सांगायचात, "मला माहीत नाही, बघून सांगते." मी तेव्हा ट्रेनी, कामोठ्याहून सगळं पाठ करून येणारी. मला वाटायचं, यांना लाज कशी वाटत नाही?

त्या दुपारी तुम्ही जेवायला गेला होतात. सिस्टरचा फोन आला, "प्रेशरची ही गोळी कुटून दिली तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. तुम्ही आलात, फोनच्या वहीतली माझी नोंद वाचलीत. "कुटून का?" मी विचारलंच नव्हतं. "औषधांचं पुस्तक पाहिलंस?" मी म्हटलं, हो. वॉर्डात फोन कोणी उचलेना, तशा तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढलात. मी मागोमाग. सारसोळ्याचे एक आजोबा, गिळता येईना म्हणून नाकातून नळी. ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी. कुटून दिली असती तर सगळं औषध एकदम अंगात, प्रेशर धाडकन खाली, माणूस हातचा गेला असता. सिस्टर वाटीत पाणी घालत होती. तुम्ही वाटीवर नुसता हात ठेवलात. खाटेशी बसलेल्या त्यांच्या आजी घाबरल्या, "गोली बरी हाय ना, बाय?" "बरी आहे आजी, पण यांना दुसरी देऊ." आवाज इतका शांत, की माझ्या अंगावर काटा आला. अजूनही येतो.

खाली येऊन तुम्ही पर्समधून चावी काढलीत, कपाट उघडून पुस्तक घेतलंत, ते पान दोनदा वाचलंत. "इथे स्वच्छ लिहिलंय, कुटू नये." आता माझ्यावर शेकणार, वाटलं. पण तुम्ही वहीत लिहिलंत, चुकीचं उत्तर गेलं, वेळेत थांबवलं. खाली सही तुमची. "तुला एकटीला बसवून गेले, चूक माझी," म्हणालात आणि तुमचा चहा माझ्यापुढे सरकवलात.

आज माझी ट्रेनी फोन ठेवून रडवेली झाली. "मॅडम, मी न बघताच सांगितलं." मी लगेच वॉर्डात फोन केला, औषध अजून दिलं नव्हतं. पोरीची मला कमाल वाटली. मला जमलं नव्हतं ते.

हे पत्र त्या जुन्या वहीत, तुमच्या सहीच्या पानात ठेवतेय. मॅडम, मी पुस्तक पाहिलं नव्हतं. कपाटाला कुलूप होतं आणि चावी तुमच्याकडे होती. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मीच बोलले नाही.